बेचिराग गावांचा पत्ता

महसुली दप्तरात एक फारसी शब्द अजून टिकून आहे: बेचिराग. जुन्या कागदांत गावाच्या नावापुढे तो लिहिलेला सापडतो. ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. संध्याकाळी जिथे दिवा लागत नाही ते गाव. अशा गावाला शीव असते, जमिनीची नोंद असते, शेती शेजारच्या गावचे लोक करतात. राहायला मात्र कुणी नसतं. मराठीने हा शब्द उचलला आणि बोलता बोलता त्याचा ‘बेचिराख’ केला. मग लोकांना त्यात राख दिसू लागली आणि अर्थही जळून खाक झाल्याचा झाला. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन भाषा एकमेकींच्या घरात कशा राहतात हे सांगायला मला याहून चांगला शब्द मिळालेला नाही.

आपल्या नाशिकमध्ये अशा एका गावाची नोंद जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीची आहे आणि ती दगडावर आहे. पांडवलेणीतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा त्याच्या राज्याच्या २४व्या वर्षातला लेख आहे. गोवर्धनच्या अमात्याला त्यात हुकूम दिला आहे. मतलब असा की, डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना आम्ही पूर्वी ककडी गावातलं शेत दिलं होतं. ते शेत आता कसलं जात नाही आणि गावातही वस्ती नाही. म्हणून नगराच्या शिवेवरची आमची शंभर निवर्तनं जमीन त्यांना द्यावी. गाव का उठलं हे लेख सांगत नाही. नहपान आणि सातवाहन यांच्या लढाया त्याच सुमाराच्या. १९०६ साली याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पण ककडी लढाईने उठलं, दुष्काळाने की रोगाने, याचा पुरावा आपल्याकडे नाही.

मग अशी गावं जातात कुठे? कुठेच जात नाहीत. घरं पडतात, माती त्यांना झाकते, नांगर वरून फिरतो आणि पीक उभं राहतं. तेच पीक खाली काय आहे याची चुगली करतं.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जमिनीखाली दगडी भिंतीचा पाया असेल तर त्याच्यावर मातीचा थर पातळ असतो. गव्हाची मुळं थोडी खाली गेली की दगडाला अडतात. ओल संपत आली की त्या पट्ट्यातला गहू खुजा राहतो आणि बाकीच्या शेताआधी पिवळा पडतो. याच्या उलट, खाली जुना खंदक असेल, कचऱ्याचा खड्डा असेल किंवा धान्य साठवायचं पेव असेल, तर तिथे भुसभुशीत, ओल धरणारी, कसदार माती साचलेली असते. तिथला गहू उंच होतो आणि उशिरापर्यंत हिरवा राहतो. बांधावर उभं राहून पाहिलं तर हिरवा-पिवळा गोंधळ दिसतो. वरून पाहिलं तर त्याच गोंधळात सरळ रेषा, काटकोन आणि वर्तुळं दिसू लागतात.

इंग्लंडात हे फार आधी लक्षात आलं होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने केंट परगण्यातल्या रिचबरो इथल्या जुन्या रोमन जागेबद्दल लिहिलं की, तिथे धान्य पेरलं की जुन्या रस्त्यांच्या जागी पीक विरळ येतं आणि रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. गावकऱ्यांनी त्या खुणेला एका संताच्या क्रॉसचं नाव दिलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर विमानातून फोटो काढणं सोपं झालं आणि ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी या निरीक्षणाचं शास्त्र केलं. १९२५ साली गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात ठिपक्यांची वर्तुळं दिसली. तिथे खोदल्यावर लाकडी खांबांचे खड्डे मिळाले. खांब हजारो वर्षांपूर्वी कुजून गेले होते. खड्ड्यांची माती तेवढी वेगळी राहिली होती. ती जागा आज वुडहेंज म्हणून ओळखली जाते.

त्यानंतर विमानाचं काम ड्रोनवर आलं. २०१८च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये मोठा कोरडा काळ आला. जुलै महिन्यात अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी बॉइन नदीच्या खोऱ्यात, न्यूग्रेंजच्या प्राचीन समाधीजवळ ड्रोन उडवले. सगळं शेत सुकत चाललेलं असताना एक प्रचंड वर्तुळ हिरवं राहिलं होतं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं ते रिंगण होतं. जागतिक वारसा असलेल्या आणि दीर्घकाळ अभ्यासल्या गेलेल्या भागात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच २०१८ साली ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. ही गोष्ट मी मुद्दाम शेजारी ठेवतो. पुरातत्त्वाला ज्या कोरड्या वर्षात जमीन स्पष्ट दिसते, त्याच वर्षात कुणाचं तरी पीक गेलेलं असतं. आपल्याकडे हे काम करायला जाणाऱ्याने शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून ‘वा, काय सुंदर रेषा’ म्हणू नये, एवढं भान हवं.

ड्रोनने नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगतो. ड्रोन शेतावर पट्ट्यापट्ट्याने फिरतो आणि एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घेतो. संगणक ते जोडून एकच मोठा नकाशा तयार करतो. त्यात प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश माहीत असतात आणि जमिनीचे उंचसखल भागही मोजता येतात. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. अर्ध्या मीटरची भिंत त्यात हरवून जाते. ड्रोनच्या चित्रात ठिपका काही सेंटीमीटरचा असतो. शिवाय आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेराही ड्रोनला लावता येतो. निरोगी पान तांबडा प्रकाश खातं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पान तहानलेलं असलं की हे प्रमाण बिघडतं, आणि अनेकदा आपल्याला पिवळेपणा दिसायच्या आधीच बिघडतं. या दोन प्रकाशांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की पिकाच्या तब्येतीचा आकडा मिळतो. शेतीतले लोक त्याला एनडीव्हीआय म्हणतात. शेतकरी तो खत-पाण्यासाठी वापरतो, पुरातत्त्ववाला भिंतींसाठी.

भारतात पिकांच्या खुणांवर काम झालेलं आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या एम. बी. राजानी यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून नालंदा तपासलं आणि आज दिसणाऱ्या अवशेषांच्या बाहेर, शेतांखाली आणखी बांधकामं पसरली असल्याच्या खुणा दाखवल्या.

आता आपल्या मातीकडे येऊ. मराठी गावाने ही विद्या विमानाची वाट न पाहता शब्दात बांधून ठेवली आहे. गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं चुलींची राख, शेण, भिंतींची माती, चुना आणि हाडं एका जागी साचत गेली की तिथली माती राखाडी-पांढरी होते. गाव उठून गेलं तरी ही माती रंग सोडत नाही. काळ्या रानात मध्येच पांढुरका उंचवटा दिसला की म्हातारे सांगतात, ‘ही जुनी पांढर आहे, इथे गाव होतं.’ दख्खनच्या पुरातत्त्वाने अशी टेकाडंच खोदली.

नाशिकमध्ये गोदावरीच्या काठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. त्याच मोसमात त्यांनी संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे खोदलं. त्या गावावरून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव मिळालं. पुढे १९५४ ते ५६ नेवाशाचं लाडमोड टेकाड झालं. १९६० साली निघालेल्या त्या अहवालावर सांकलिया आणि देव यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी यांचं नाव आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई चालली. त्या अहवालावरही ढवळीकर आणि सांकलिया यांच्या जोडीला अन्सारी आहेत. महाराष्ट्राचा तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरत होता, कुठे राहत होता, मेलेल्या लेकराला कसा पुरत होता, हे आज आपल्याला माहीत आहे ते या मंडळींच्या कष्टांमुळे. आमच्या मुलांना हे नाव कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

नाशिकच्या शिवारात ड्रोनची ही युक्ती सरसकट चालणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. युरोपातल्या खडूच्या आणि वाळूच्या जमिनी पाणी पटकन सोडतात, म्हणून तिथे खुणा ठळक उमटतात. आपली काळी कापसाची माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; खाली काही असलं तरी फरक पुसट राहतो. कांद्याची मुळं उथळ. तो दोन हात खालच्या भिंतीबद्दल काय सांगणार? द्राक्षबागेत वेली मांडवावर आणि ठिबक थेट मुळाशी, त्यामुळे बाग सगळीकडे सारखी हिरवी. कालव्याखालच्या बागायतीतही तेच. उपयोगाचं रान म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीतला, थोडक्या पाण्यावरचा गहू किंवा कोरडवाहू बाजरी-ज्वारी. आणि दुसरी वेळ म्हणजे उन्हाळी नांगरट. तेव्हा पीक नसतं, पण काळ्या मातीत पांढरीचे डाग वरून स्पष्ट दिसतात. आपल्याकडे पिकापेक्षा ही नांगरलेली माती जास्त बोलेल असं मला वाटतं.

ड्रोनला फसवणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. जुनं खळं घ्या. बैलांच्या पायांनी वर्षानुवर्षं तुडवलेली गोल जमीन इतकी घट्ट होते की पिकात नीट वर्तुळ उमटतं. हौशी माणूस त्याला प्राचीन रिंगण म्हणून मोकळा होईल. मोडलेला बांध, बुजवलेली विहीर, जुना उकिरडा, पाइपलाइनचा चर, सगळ्यांच्या रेषा उमटतात. त्या जमिनीवर चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला विचारल्याशिवाय चित्राचा अर्थ लावता येत नाही. आणि खरीच जुनी भिंत असली तरी ती केव्हाची आहे हे पीक सांगत नाही. त्यासाठी परवानगीने खड्डा घ्यावा लागतो, थर मोजावे लागतात, खापरं ओळखावी लागतात.

मग शोध सुरू कुठून करायचा? इथे मला पुन्हा शब्दांकडे यावंसं वाटतं. प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. उर्दू जाणणाऱ्याला नावातच थांबायला होतं: दाइम म्हणजे कायम, आबाद म्हणजे वसलेलं. सदैव वसलेलं गाव. प्रत्यक्षात ते ओसाड गावठाण आहे. १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांनी तिथली प्राचीन वस्ती ओळखली. १९७४ साली एका भिल्ल माणसाला तिथे झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: बैलांची जोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारींचं मिळून वजन सुमारे ६० किलो. झाडाच्या मुळाने दाखवलेला भारतातला हा बहुधा सगळ्यात मोठा पत्ता. बेचिराग गावांच्या महसुली नोंदी, ‘आबाद’ने संपणारी पण ओस पडलेली ठिकाणं, शेताला अजूनही ‘पांढरीचं रान’ म्हणणारे लोक, वस्ती नसताना शिवारात एकटं उभं असलेलं मारुतीचं देऊळ किंवा पिराची कबर, ही सगळी यादी तालुक्यातालुक्यात तयार होऊ शकते. ड्रोन कुठे पाठवायचा हे त्या यादीवरून ठरेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. ‘खाली काय आहे?’ हा प्रश्न ऐकला की आजकाल आमच्या घरातली मोठी माणसं गप्प होतात. कारण तो अनेकदा जाणून घेण्यासाठी विचारला जात नाही, वर राहणाऱ्याला उठवण्यासाठी विचारला जातो. त्यामुळे आपल्या मुलांना पुरातत्त्व म्हणजे दुसऱ्याच्या हातातली कुदळ वाटू लागली आहे. या भीतीवर उपाय म्हणून प्रश्नापासून दूर पळावं असं मला वाटत नाही. पद्धत शिकून घ्यावी. उद्या कुणी वरून काढलेलं चित्र दाखवून म्हणालं की इथे अमक्यांचं तमकं होतं, तर आपल्या मुलाला विचारता आलं पाहिजे: पीक कोणतं होतं? महिना कोणता? पाणी कधी दिलं होतं? खड्डा घेतला का? थर किती, खापरं कोणती? ही रेषा खळ्याची नाही हे कशावरून? हे प्रश्न विचारणारा मुलगा घाबरत नाही आणि दुसऱ्याला घाबरवतही नाही.

आणि जिथे पद्धतशीर खोदलं गेलं तिथे काय मिळालं ते पाहा. नेवाशाच्या टेकाडात अश्मयुगापासून एकूण सहा कालखंड निघाले. सातवाहन काळात रोमशी व्यापार होता त्याच्या खुणा निघाल्या. मग हजार वर्षांहून मोठी पोकळी. आणि सगळ्यात वरच्या, साधारण १४०० ते १७०० या थराला सांकलिया-देव-अन्सारींनी नाव दिलं: मुस्लिम-मराठा. दोन शब्द, मध्ये एक छोटी आडवी रेघ, आणि थर एकच. ज्ञानेश्वरीच्या गावातल्या मातीने बहामनी, निजामशाही आणि मराठे असे वेगळे कप्पे करून ठेवले नव्हते. तिथे रोजच्या वापरातली भांडी आणि बांगड्यांचे तुकडे होते.

तेवढ्यात पांढऱ्या मात्र संपत चालल्या आहेत. या मातीत राख आणि शेण असल्यामुळे तिचा खत म्हणून चांगला उपयोग होतो. पूर्वी ती बैलगाडीने थोडी थोडी जायची. आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आले. दोन हजार वर्षांत साचलेलं टेकाड काही दिवसांत शेतभर पसरतं. सपाटीकरणात उंचवटे जातात, रस्त्यांच्या भरावात जातात. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला कुणी येऊन सांगितलेलंच नसतं. शहरातली अडचण आणखी वेगळी. जुन्या नाशकात काझीच्या गढीची कड दर पावसाळ्यात ढासळते आणि वर राहणाऱ्या कुटुंबांना घर सोडायची सूचना येते. तिथे पहिली काळजी माणसांच्या छपराची, मग थरांची.

गंमत अशी की ड्रोन गावोगाव पोचलेले आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आणि घरमालकांना मिळकत पत्रिका मिळतात. द्राक्ष पट्ट्यात फवारणीला ड्रोन येतो. आमच्या आठवीतल्या मुलांना त्याच्या बॅटरीची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. कमी आहे ती एवढीच की, उडणाऱ्या ड्रोनला कुणी पांढरीबद्दल विचारत नाही.

शिक्षकाला करता येण्यासारखं काम साधं आहे. मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून शेतांची नावं लिहून आणायला सांगायची. तलाठ्याकडे बेचिराग गावांची विचारणा करायची. हलक्या रानातला गहू पिवळा पडू लागतो तेव्हा शेतकऱ्याच्या परवानगीने बांधावरून, उंच पाण्याच्या टाकीवरून पाहायचं. ड्रोन उडवायचा तर २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे क्षेत्र तपासून. देवळालीची छावणी आणि ओझरचं विमानतळ असलेल्या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही. काही दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवायचं. कुदळ लावायची नाही: जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो, हा १८७८चा कायदा आजही लागू आहे. आणि जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमावर टाकायचा नाही, नाहीतर गुप्तधनवाले रात्री आधी पोचतात.

ककडी गाव नेमकं कुठे होतं, हे मुलांना सांगून पाहायचं. डोंगर समोरच आहे, लेख वाचता येतो आणि फाल्गुन लागला की गहू पिवळा पडायला सुरुवात होते.